आईच्या नाकात 'मेनिंजिओमा' निघाला. हा तर मेंदूचा असतो ना?

घाटंजीकर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची. डावी नाकपुडी अडीच वर्षांपासून बंद. आमचं घर जिनिंगच्या रस्त्यावर, हंगाम सुरू झाला की निम्म्या गावाचं नाक गळतं. म्हणून 'कापसाची अलर्जी' समजून दिवस काढले. स्प्रे झाले, वाफारे झाले, गोळ्यांचे पत्ते संपले. मागच्या वर्षी एका दवाखान्यात 'नाकात मास वाढलं' म्हणून काढलं. ट्रेमध्ये आम्हाला दाखवलं, रक्तानं माखलेला बोटाच्या पेराएवढा गोळा, आणि मग तो गेला बादलीत. असं काढलेलं तपासायला पाठवायचं असतं हे आम्हाला कुठं ठाऊक! त्यांनीही पाठवलं नाही. आठ महिन्यांत नाक पुन्हा बंद.

या वेळी यवतमाळला दाखवलं. दुर्बिणीतून तुकडा घेतला. आज रिपोर्ट आला: मेनिंजिओमा, ग्रेड १. मोबाइलवर शोधलं तर जिथंतिथं मेंदूची गाठ, मेंदूची गाठ. आईचं डोकं दुखत नाही, चक्कर नाही, फेफरं नाही. वास मात्र येत नाही, फोडणी करपली तरी कळत नाही.

रिपोर्ट दुसऱ्याचा आला असेल का? की मेंदूतलं नाकात उतरलं? वेचणी तोंडावर आहे, सोयाबीन अजून घरातच पडलंय, आणि आईला काही सांगितलेलं नाही.

तर्रीपोहे | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५८

भाऊ, पहिले त तो मोबाइल बाजूले ठेवा. मले एकदा पाठ दुखली म्हणून त्याले इचारलं त त्यानं मले तीन कॅन्सर सांगतले. निघालं काय, त खाटेचा नवार सैल झाला होता.

रोखठोक | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सरळ आहे. मेंदूची गाठ नाकात येत नाही. रिपोर्ट अदलाबदल झालेला आहे. लॅबकडून तपासलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक-स्लाइड, घ्या आणि उद्याच मुंबईची गाडी पकडा. विदर्भात वेळ घालवू नका.

काचेखालचं | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

घाटंजीकर, मी पॅथॉलॉजीत आहे, रोज काचेखाली हेच बघते. तुमचा रिपोर्ट न पाहता लिहिते आहे, तेवढं लक्षात असू द्या.

मेनिंजिओमा ही मेंदूची गाठ नाही, मेंदूवरच्या आवरणाची आहे. या आवरणाच्या एका थरात ज्या पेशी असतात, त्यांच्यापासून ती होते. १९२२ साली हार्वे कुशिंग या अमेरिकन सर्जनने हे नाव दिलं, त्याआधी याच गाठीला लोक कितीतरी वेगवेगळ्या नावांनी ओळखत. बहुतेक वेळा ती कवटीच्या आतच सापडते. पण शंभरात एखाद-दुसरी आवरणाच्या बाहेर उगवते. नाक आणि नाकाशेजारच्या हाडांच्या पोकळ्या, डोळ्याची खोबण, कान, डोक्याची कातडी, कवटीचं हाड. फुप्फुसातही झाल्याच्या नोंदी आहेत.

तिथं कशी जाते याबद्दल दोन-तीन तर्क आहेत. एक म्हणजे, मेंदूतून नसा हाडाच्या भोकांतून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यासोबत आवरणाच्या पेशी थोड्या अंतरापर्यंत येतात. दुसरा, आईच्या पोटात कवटी जुळताना काही पेशी चुकून बाहेर राहून जातात. वावरातलं बी वाऱ्यानं धुऱ्यावर पडतं आणि पऱ्हाटीचं एक झाड तिथंच उगवतं, तसं समजा.

तेव्हा रोखठोक, 'येत नाही' हे चूक. पण ब्लॉक दुसऱ्या ठिकाणी दाखवायचा तुमचा सल्ला बरोबर आहे. नाकातल्या छोट्या तुकड्यावर ही गाठ ओळखणं अवघड जातं. यात पेशी भोवऱ्यासारख्या गोल फिरलेल्या दिसतात आणि मध्ये वाळूच्या कणांसारखे चुन्याचे गोळे. पण नाकाच्या हाडाची दुसरी एक गाठ असते, तिच्यातही तसेच गोळे असतात. म्हणून विशेष रंगाच्या तपासण्या लागतात: ईएमए, एसएसटीआर टू-ए, पीआर. रिपोर्टमध्ये ही अक्षरं आहेत का बघा.

आणि आत्ता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्हीच विचारलाय: आतून उतरलं की बाहेरच उगवलं? ते मी काचेखाली सांगू शकत नाही. दोन्ही सारखेच दिसतात. त्याला एमआरआय लागतो, रंगाचं इंजेक्शन देऊन, आणि नाकाच्या छताचं हाड बघायला सीटी. झालेत का?

घाटंजीकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

नाही ताई, एकही झाला नाही. तुकडा आधी घेतला. रिपोर्टमध्ये ती अक्षरंही नाहीत, चार ओळी आहेत फक्त.

नाईटड्युटी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आत्ताच ड्युटी संपली, म्हणून थोडं चिडून लिहितोय. दोन्हीकडे पॉलिप, म्हणजे नाकात वाढलेलं साधं मास, असेल तर ठीक. एकाच नाकपुडीत मास असेल तर आधी स्कॅन, मग चिमटा. हे आम्हाला पहिल्या वर्षी डोक्यात ठोकून सांगतात. कारण कधी कधी तो पॉलिप नसतोच, नाकाच्या छताला भोक असतं आणि मेंदूचं आवरण खाली लोंबत असतं. त्याला चिमटा लावला की मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला सुरू.

आईला विचारा, वाकल्यावर त्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतं का? शेंबूड नव्हे, नळासारखं पातळ. टपकत असेल तर आजच दाखवा.

घाटंजीकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

अंगण झाडताना वाकली तेव्हा मुद्दाम पाहिलं. नाही. पण आई आता विचारून राहिली, माझ्या नाकाकडे काय पाहतो म्हणून.

पांढरं_सोनं | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१०

आमच्या भावाच्या कपाळावर केसांच्या कडेला टणक टेंगूळ होतं. चरबीची गाठ म्हणून एका ठिकाणी इंजेक्शन देऊन काढायला घेतलं. कातडी उघडली तर खाली चरबी नाहीच, हाडच फुगलेलं. रक्त थांबेना. टाके घालून नागपूरला पाठवलं. कवटीच्या हाडातला मेनिंजिओमा निघाला. आधी हाडाचा वेगळा आजार वाटला होता, मग कुठून तरी पसरलेला कॅन्सर वाटला, म्हणून सगळं अंग तपासलं. शेवटी तेवढं हाड काढून तिथं टायटॅनियमची जाळी बसवली. आता डोक्यावर ऊन लागलं की म्हणतो, माझा पत्रा तापला.

तर्रीपोहे | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२२

आपल्याकडे मे महिन्यात टायटॅनियम नसलेल्याचा बी पत्रा तापते.

मूर्तिजापूर_पॅसेंजर | १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

आमच्या मावशीची गोष्ट लिहितो, कारण जागा चुकली की काय होते ते तिच्याइतकं कोणी भोगलं नसन.

मावशी ६४ ची, अचलपूर तालुक्यातली. निंदायला वाकली की पाय जड. मग चपला पायातून गळून पडायला लागल्या, तिले कळायचंच नाही. घरी आल्यावर सून म्हणे, आई, एक चप्पल कुठं? डॉक्टरनं सांगतलं, मणक्यात गॅप हाय. पट्टा दिला, वजन लावलं, शेक दिला. एकानं कमरेचा एमआरआय काढाले लावला. त्यात वयानुसार झिजलेलं दिसलं, झालं, गॅपवर शिक्कामोर्तब. दीड वर्ष गेलं. शेवटी खाटेवरून उठता येईना, अन लघवी अडकली.

तेव्हा अमरावतीत एका तरण्या डॉक्टरनं टाचणी घेऊन पायापासून वर टोचत आणलं. बेंबीच्या चार बोटं वर येईपर्यंत तिले काहीच लागत नव्हतं, अन तिथून एकदम 'आई गं!' त्यानं तिथं पेनानं आडवी रेघ मारली, म्हणे, रोग कमरेत नाही, या रेघेच्या वर हाय. पाठीचा एमआरआय काढला त छातीच्या मणक्यात बोराएवढी गाठ, पाठीच्या दोराले दाबून बसलेली. मेनिंजिओमा. ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी काठी घेऊन चालत आमच्या लग्नाले आली. ती रेघ दोन आठवडे अंगावर होती, मावशी पुसू देत नव्हती.

काचेखालचं | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

पॅसेंजरदादा, गोष्ट फार मोलाची आहे. पण पुस्तकी भाषेत ती 'बाहेरची' गाठ नव्हे. पाठीच्या दोराभोवतीही तेच आवरण असतं, त्यामुळे ती आपल्याच घरात वाढलेली. मणक्यातल्या या गाठी जास्त करून छातीच्या भागात आणि जास्त करून बायकांत होतात. म्हणूनच कमरेचा एमआरआय 'नॉर्मल' येतो. कॅमेरा ओसरीत लावला आणि चोर माजघरात.

मूर्तिजापूर_पॅसेंजर | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४१

पुस्तकात बसो न बसो ताई, आमच्यासाठी बाहेरचीच होती. बाहेरची बाधा म्हणून दोन कोंबडे पण गेले त्यात.

वैदूचा_नातू | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:००

ऑपरेशनच्या आधी एकदा झाडपाल्याचा विचार करा. माझे आजोबा नाकात एका पाल्याचा रस सोडायचे, मास आपोआप गळून पडायचं. शंभर तरी लोक बरे झाले असतील.

नाईटड्युटी | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

कृपया नको. नाकाच्या छताचं हाड चाळणीसारखं भोकांचं आणि कागदासारखं पातळ असतं, वासाच्या नसा त्यातूनच खाली येतात. तिथं जाळणारं काही सोडलं तर पुढची पायरी मेंदूज्वर. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी नाकातून डोळ्यात आणि मेंदूत रोग किती झपाट्यानं जातो ते मी रोज पाहिलंय.

वैदूचा_नातू | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

बरं बापा, आजोबांच्या वतीनं माघार. तसे ते स्वतः मोतीबिंदूसाठी सरकारी दवाखान्यातच गेले होते.

डोळस | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मोतीबिंदूवरून आठवलं. माझ्या चुलतबहिणीला, वय ४६, डाव्या डोळ्यानं हळूहळू अंधुक दिसायला लागलं. दुखणं अजिबात नाही. मोतीबिंदू होता थोडा, तो काढला. तरी नजर येईना. सगळे म्हणाले ऑपरेशन बिघडलं. शेवटी एका डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर असा फिरवला. डाव्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत होती. म्हणाल्या, काच साफ आहे, वायरमध्ये बिघाड आहे.

नजरेच्या नसेच्या म्यानात मेनिंजिओमा निघाला. आम्ही म्हटलं काढून टाका. तर म्हणाले, याला हात लावला तर उरलेली नजरही जाते, नसेचा रक्तपुरवठा त्याच्यातूनच आहे. मोजूनमापून रेडिएशन दिलं, पाच-सहा आठवडे. गाठ तिथंच आहे, पण नजर आहे तेवढी टिकली. घाटंजीकर, एवढ्यासाठी लिहिलं की नाव एकच असलं तरी जागेप्रमाणे इलाज बदलतो. दुसऱ्याचा इलाज ऐकून घाबरू नका किंवा हट्टही धरू नका.

रोखठोक | १४ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मी अजूनही म्हणतो मुंबई. टाटाला गेलं की प्रश्न मिटतो.

सिस्टरताई | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

रोखठोक भाऊ, टाटा उत्तमच, नाही कोण म्हणतं? पण वेचणीच्या दिवसात दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनाभर राहणं कोणाला परवडतं ते घाटंजीकरांना ठरवू द्या. ग्रेड १ ची, हळू वाढणारी गाठ आहे. दुर्बिणीनं नाकातून ऑपरेशन करणारे कान-नाक-घशाचे सर्जन आणि सोबत न्यूरोसर्जन, दोन्ही एका छताखाली असलेली जागा शोधा. नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानला एम्स आहे. तिथं पण एकदा विचारा.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं. राशन कार्ड आणि आधार, दोन्हीवर आईचं नाव एकसारखंच लिहिलेलं आहे का ते आज रात्री तपासा. एकीकडे 'सुमनबाई' आणि दुसरीकडे 'सुमन' एवढ्यावरून फाइल अडते, रोज बघते मी. दवाखान्यात गेल्यावर पहिले आरोग्यमित्राच्या टेबलवर जा. पैसे आधी भरून नंतर परत मिळतील असं कोणी म्हटलं तर भरू नका, मंजुरी आधी घ्यायची असते.

आणखी एक, हे बायकांनी वाचा. तीन महिन्यांनी घ्यायचं पाळणा लांबवायचं इंजेक्शन, आपल्याकडचं 'अंतरा', त्यातलं औषध वर्षावर्ष घेतलेल्या बायकांत मेंदूच्या आवरणाची ही गाठ जास्त दिसते असा फ्रान्समधला अभ्यास २०२४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. या गाठीच्या पेशींना बायकांच्या एका हार्मोनची ओढ असते, त्याच्याशी याचा संबंध लावतात. गाठ मुळात इतकी क्वचित की धोका वाढूनही थोडाच राहतो. उद्या सगळ्या माझ्याकडे येऊन इंजेक्शन बंद करा म्हणू नका! पण ज्यांना ही गाठ आहे किंवा होती, त्यांनी डॉक्टरला जरूर सांगावं.

घाटंजीकर | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

ताई, कार्ड काढून पाहिलं. आधारवर आजोबांचं नाव नवऱ्याच्या जागी आहे. आईनं गेली दहा वर्षं सासऱ्याशी लग्न केलेलं आहे सरकारी कागदावर. उद्या दुरुस्तीला जातो.

आईला सांगितलं आज. म्हणाली, "दोन वर्षांपासून नाक बंद हाय, मले वाटलं तुम्ही सगळे इसरले." बाकी काही विचारलं नाही.

तर्रीपोहे | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१८

आता जोक नाही सुचत भाऊ. कापसाचं सांगा, वेचाले माणसं पायजे असन त मी अन माझे दोन पोट्टे शनिवारी येतो. आर्णीहून काही लांब नाही.

घाटंजीकर | २ नोव्हेंबर, रात्री ९:००

सीटी आणि एमआरआय झाले. गाठ डाव्या नाकपुडीत आणि शेजारच्या पोकळीत आहे. छताचं हाड एका जागी झिजून पातळ झालंय पण शाबूत आहे. कवटीच्या आत काही नाही.

ब्लॉक दुसऱ्या लॅबला मीच घेऊन गेलो. मला वाटलं होतं बाटलीबिटली देतील. तर प्लास्टिकची पिवळी जाळीदार चकती, तिच्यावर मेणाची वडी, आणि मेणात मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा करडा ठिपका. एवढ्याशासाठी अडीच वर्षं. एसटीत शर्टाच्या खिशात ठेवून हात वर धरून बसलो होतो, कंडक्टरनं विचारलं छातीत दुखते का.

नवा रिपोर्ट: ईएमए पॉझिटिव्ह, एसएसटीआर टू-ए पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, एस-१०० निगेटिव्ह. ताई, म्हणजे काय?

काचेखालचं | २ नोव्हेंबर, रात्री ९:४५

म्हणजे पहिल्या पॅथॉलॉजिस्टनं चार ओळीत का होईना, बरोबर लिहिलं होतं. मेनिंजिओमाच. आणि आत काही नसल्यामुळे आता म्हणता येतं की ती नाकातच उगवलेली आहे. हे दोन्ही कागद एकत्र धरल्याशिवाय ते म्हणता येत नव्हतं.

रोखठोक | २ नोव्हेंबर, रात्री १०:३०

माझं अदलाबदलीचं म्हणणं मागे घेतो. पण काढल्यावर रेडिएशन पण द्याच, खबरदारी म्हणून.

नाईटड्युटी | ३ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

ग्रेड १ आणि पूर्ण निघाली तर लगेच रेडिएशन सहसा देत नाहीत. नियमित एमआरआय काढून लक्ष ठेवतात. अवघड जागी थोडी राहिली, परत वाढली, किंवा ग्रेड वरची निघाली तर विचार करतात. आणि नेहमीची केमो या गाठीवर फारशी चालत नाही, त्यामुळे 'केस जातील का' ही आईची काळजी असेल तर ती आत्ताच मिटवा.

सर्जनला एवढं विचारा: छत उघडं पडलं तर ते कशानं बुजवणार? दुर्बिणीचं काम रोज करणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं.

घाटंजीकर | २१ जानेवारी, रात्री ८:३०

उशिरा लिहितोय, माफ करा. डिसेंबरमध्ये नागपूरला ऑपरेशन झालं. चेहऱ्यावर एकही टाका नाही, सगळं नाकातून. मुळाशी पातळ झालेलं हाड काढावं लागलं, तिथून पाणी झिरपलं, तर मांडीतला पांढरा पडदा काढून त्याचं ठिगळ लावलं आणि वरून नाकाच्या पडद्याचीच कातडी फिरवून बसवली. नाईटड्युटी दादा, तुमचा प्रश्न विचारला तेव्हा सर्जन हसले, म्हणाले, कोणी शिकवून पाठवलं?

नंतर सहा आठवडे शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. आईला सगळ्यात जड गेलं ते अंगण न झाडणं. नाक मोकळं आहे. वास आला नाही, आणि येईल असं डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. फोडणीजवळ आता नात उभी राहते. पूर्ण गाठ पुन्हा तपासली, ग्रेड १ च. योजनेत सगळं बसलं, खिशातून गेलं ते येण्याजाण्याचं आणि नाश्त्याचं.

तर्रीपोहे भाऊंनी तीन शनिवार वेचणी केली. मजुरी घेतली नाही.

तर्रीपोहे | २१ जानेवारी, रात्री ८:५०

खोटं हाय. काकूच्या हातची अंबाडीची भाजी अन भाकर दोन-दोन डाव खाल्ली. मजुरीहून महाग पडली असन त्यायले.

काचेखालचं | २१ जानेवारी, रात्री ९:२०

फार बरं वाटलं. पुढचा एमआरआय कधी? आणि तो पहिला ब्लॉक कुठं आहे? हरवू देऊ नका. पुढे कधी काही आलं तर जुन्याशी ताडून बघायला तोच लागतो.

घाटंजीकर | २१ जानेवारी, रात्री ९:३५

एमआरआय जूनमध्ये. ब्लॉक घरीच आहे ताई. आईनं सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत डब्यात घालून देव्हाऱ्यात ठेवलाय, समईच्या मागं.

काचेखालचं | २१ जानेवारी, रात्री ९:३६

अहो, मेण आहे ते!! समईजवळून आधी काढा. जिथून आणला त्या लॅबला परत द्या, पोच घ्या, ते नंबर लावून कपाटात जपतात.

घाटंजीकर | २१ जानेवारी, रात्री ९:५०

काढला. कोपऱ्यावर जरा चकाकला आहे, ठिपका जागेवर आहे. उद्या सकाळच्या एसटीनं नेऊन देतो. आई विचारते, सातबारा तरी राहू देऊ का तिथं.